घराचा लोड आणि श्रावकाचं व्रत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून गावांत शिरल्या, तेव्हा शिरोळ तालुक्यातली कितीतरी घरं पाण्याबाहेर असूनही अंधारात होती. वीज उपकेंद्रंच पाण्याखाली गेली होती. उंचावरच्या घरात पूर आला नाही, पण लाइट गेली ती गेलीच. टाकीतलं पाणी संपलं, मोबाइल बंद पडले, फ्रिजमधलं दूध नासलं आणि घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर इन्सुलिनच्या कुपीची काळजी लागली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. या पट्ट्यात घरासाठी जनरेटर घ्यावा का, घेतलाच तर केवढा, हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही.

दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, ‘‘काय काय चालवायचंय?’’ आणि बहुतेक गिऱ्हाइकं सांगतात, ‘‘सगळं.’’

इथेच अडतं. ‘सगळं’ या उत्तराला कुठलाच आकडा जुळत नाही. दुकानदाराला केव्हीए हवेत, वायरमनला वॅट हवेत. घरातल्या माणसांनी मात्र आपल्याला नेमकं काय लागतं, हे कधी मोजलेलंच नसतं. महावितरणची वीज चालू असते तोवर मोजायची वेळ येत नाही. बटण दाबलं की मिळतं. लाइट गेल्यावरच घराला विचारावं लागतं की कशावाचून चालेल आणि कशावाचून नाही. हा प्रश्न वायरिंगचा दिसतो, पण माणसं तो दोन-अडीच हजार वर्षांपासून धर्माच्या भाषेत विचारत आली आहेत. योगायोग असा की शिरोळ-हातकणंगले-मिरज या भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा, मराठी आणि कन्नड बोलणारा दिगंबर जैन समाज आहे, आणि गृहस्थाने आपल्या वापराला मोजून मर्यादा घालावी हा विचार जैन परंपरेइतका बारकाईने क्वचितच कुणी केला असेल.

आधी वायरमनची बाजू नीट पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

एक साधं घर घ्या. तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, म्हणजे २२५. सहा एलईडी दिवे, ९ वॅटचे, म्हणजे ५४. टीव्हीचे साठेक, राउटर आणि मोबाइल चार्जिंगचे पन्नासेक. फ्रिजचे चालू असताना दीडशे ते दोनशे. एवढ्यावर घराचं बरंच भागतं आणि बेरीज सहाशे वॅटच्या आसपास येते. ती पाहून माणूस म्हणतो, १ केव्हीएचा सेट पुष्कळ झाला. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी तो चालू लोडच्या कितीतरी पट करंट ओढतो. तो क्षण सेकंदाहूनही लहान असतो, पण जनरेटरला त्या क्षणापुरतं झेपलं नाही तर व्होल्टेज पडतं, दिवे मलूल होतात, कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि कधीकधी जळतो. म्हणून याच घराला २ केव्हीएचा सेट लागतो.

आता बोअरची मोटर जोडा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे पुस्तकातलं गणित झालं. तेवढं काम करून द्यायला मोटर हजाराच्या वर वॅट ओढते आणि सुरू होताना पाच-सहा पट करंट मागते. त्यामुळे वायरमन एका एचपीसाठी ४-५ केव्हीए सांगतो, आणि त्यात फसवणूक नसते. ‘मोटर उचलत नाही’ हे वाक्य ज्याने लहान सेटवर अनुभवलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यातही केव्हीए आणि किलोवॅट एक नव्हेत. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ५ केव्हीएच्या सेटमधून ४ किलोवॅटच मिळतात. पुढे गीझरचे २,०००, इस्त्रीचे १,०००, दीड टनाच्या एसीचे दीड हजार असं करत गेलं की ‘सगळं’ चालवणारा सेट १० केव्हीएवर जाऊन थांबतो. सहाशे वॅटपासून आठ हजारांपर्यंत. घर तेच, माणसंही तीच.

जाणता वायरमन इथे एक गोष्ट हमखास सांगतो. सगळ्यात मोठी मोटर आधी एकटी चालू करा, बाकी सगळं बंद ठेवून. टाकी भरली की ती बंद करा, मग फ्रिज लावा, मग पंखे. क्रम पाळला तर सगळं एकदम झेपणारा मोठा सेट लागत नाही, त्याहून लहान सेटवर निभतं. यंत्राचा आकार गरजेवर ठरतो तसा शिस्तीवरही ठरतो, ही गोष्ट त्याच्या सल्ल्यात आहे.

आता श्रावकाची, म्हणजे जैन गृहस्थाची बाजू. आचार्य समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ हा दिगंबर गृहस्थांच्या आचाराचा मानलेला ग्रंथ. त्यात भोगोपभोग-परिमाण नावाचं व्रत आहे. एकदा वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र. दोन्हींना गृहस्थाने स्वतः मर्यादा घालायची. ग्रंथ यादीही देतो: भोजन, वाहन, शय्या, स्नान, सुगंध, फुलं, विडा, कपडे, दागिने, गाणं-बजावणं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मर्यादेचे दोन प्रकार करतो. जन्मभराची तो ‘यम’, ठरावीक काळाची तो ‘नियम’. नियमाला काळाची मापंही दिली आहेत: आजचा दिवस, रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन.

संन्याशाला यातलं काहीच लागत नाही. त्याने सगळं सोडलेलं असतं. हे व्रत ज्याला घर आहे, बायकामुलं आहेत, शेत आणि दुकान आहे त्याच्यासाठी आहे. त्याला कुणी ‘सोड’ म्हणत नाही, ‘किती ते सांग’ म्हणतं. मोठेपणाने सगळं टाकून देणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. ठेवायचं किती, याचा आकडा उच्चारणाऱ्यांच्या कथा फार थोड्या.

त्यातली एक श्वेतांबर आगमांतल्या ‘उपासकदशांग’ सूत्रात आहे. वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामातला आनंद नावाचा गृहस्थ महावीरांकडे जाऊन श्रावकाची व्रतं घेतो आणि मर्यादा आकड्यांत बोलून दाखवतो. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा हजारांचा एक असे गाईंचे चार कळप. पाचशे नांगर. पाचशे गाड्या प्रवासाला आणि पाचशे मालाला. त्यानंतर तो रोजच्या वस्तूंकडे वळतो आणि तिथे वाचणारा थबकतो. अंग पुसायला अमुक एकच सुगंधी वस्त्र, दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, प्यायला आकाशातून पडलेलं पाणी. बाकीच्यांचा त्याग. पुढे त्याची पत्नी शिवानंदा हीही व्रतं घेते.

पाचशे नांगरांचा धनी आपल्याजवळ आहे तेवढ्याला मर्यादा म्हणतो, यात कसला त्याग, असं कुणालाही वाटेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पण आनंदाने त्या दिवशी एक गोष्ट केली, जी त्याच्याहून गरीब माणसंही करत नाहीत: त्याने इच्छेपुढे पूर्णविराम ठेवला. पाचशे एकावा नांगर आता त्याचा नाही. टॉवेल आणि दातवण यांच्यापर्यंत उतरून त्याने हे केलं, म्हणून ते बोलण्यापुरतं राहिलं नाही. ‘मी साधेपणाने राहीन’ असं म्हणणाऱ्याला कुणीही, कधीही पकडू शकत नाही. ‘ज्येष्ठमधाचीच काडी’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी सकाळीच पकडला जातो.

जनरेटरची लोड-यादी अशीच पकडणारी असते. ‘गरजेपुरतं चालवू’ ही यादी नव्हे. ‘फ्रिज, तीन पंखे, सहा दिवे, सकाळी अर्धा तास मोटर’ ही यादी.

इथे जैन तत्त्वज्ञानातूनच एक अडचण उभी राहते. ‘तत्त्वार्थसूत्र’ परिग्रहाची व्याख्या वस्तूंवरून करत नाही, मनाच्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून करतं. मग वॅट मोजून काय साधणार? १० केव्हीएचा सेट लावूनही एखादा मनाने अलिप्त असेल, आणि एका कंदिलावर जीव जडलेला माणूस परिग्रहात आकंठ बुडालेला असेल. युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि म्हणूनच तो सोयीचा आहे. आपण अलिप्त आहोत असं ज्याला त्याला स्वतःबद्दल वाटत असतं. आसक्ती मोजायला मीटर नाही, वॅटला आहे. ज्या परंपरेने परिग्रह मनात असतो असं सांगितलं, तिनेच गृहस्थाला नांगर आणि गाड्या मोजायला लावल्या. यात विसंगती नाही. मनाचा ठाव घ्यायला हाताशी दुसरं काही नसल्यामुळे तिने वस्तूंचा आकडा धरला.

शिवाय गोष्ट फक्त आपल्या मनापुरती नाही. जनरेटर चालतो तेव्हा त्याचा आवाज आणि धूर कुंपण ओळखत नाहीत. नियमानुसार डिझेल सेटच्या आवरणापासून १ मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा. आणि निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा आहे ४५ डेसिबल. या दोन आकड्यांमधलं अंतर शेजाऱ्याच्या झोपेतून वसूल होतं. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बंद पडवीत, जिन्याखाली किंवा शटर ओढलेल्या दुकानात सेट चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०२० च्या लॉरा वादळानंतर जे मृत्यू झाले, त्यांत जनरेटरच्या वायूने गेलेल्यांचा वाटा मोठा होता. वादळातून वाचलेली माणसं उजेड केल्यावर गेली.

सगळ्यात भयंकर चूक मात्र वेगळीच असते आणि ती घरोघरी होऊ शकते. एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता दोन टोकांना पिना लावलेली वायर घेऊन जनरेटर सरळ घरातल्या सॉकेटात जोडायचा. मेन स्विच पाडायचा विसर पडला की ही वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो. उलट दिशेने वीज आली की तोच तिचे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. पुढच्या खांबावर, लाइन बंद आहे या समजुतीने, लाइनमन चढलेला असतो. पावसात, आपल्याच घरची लाइट लवकर यावी म्हणून.

अहिंसेवर व्याख्यान द्यायचं तर या खांबापासून सुरुवात करावी. मुंगी वाचवण्याची शिकवण मिळालेल्या माणसाने चेंजओव्हर आणि अर्थिंगचा खर्च टाळला तर त्याच्या धर्माला मोठं भोक पडलं. जैन आचार्यांनी भोगोपभोगाच्या व्रतालाच पंधरा वर्ज्य धंद्यांची यादी जोडली आहे. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, घाणे चालवणं, तळी आटवणं हे धंदे तिच्यात येतात. वापर आणि त्या वापरापायी होणारी इजा एकाच व्रताखाली ठेवल्या, हा त्या मांडणीचा कणा आहे. वीज स्वतः सजीव अग्नी आहे की निर्जीव, यावर जैन संप्रदायांत अजून मतभेद आहेत. तेरापंथाच्या आचार्य महाप्रज्ञांनी ती निर्जीव मानली, अनेक मुनी आजही तिला स्पर्श करत नाहीत. तो वाद ज्यांचा त्यांनी चालवावा. खांबावरचा माणूस सजीव आहे, याबद्दल कुणाचाच वाद नाही.

विजेमागच्या माणसाचा विचार टोकाला नेणारं एक शहर इस्रायलमध्ये आहे. बनेई ब्राक. शब्बाथच्या दिवशी ज्यूंनी काम करू नये, पण वीजकेंद्रात त्या दिवशीही ज्यू कामगार असतात. मग त्यांच्या नियमभंगातून आलेली वीज आपण वापरायची का? १९५३ मध्ये वारलेले तिथले धर्मपंडित अव्राहाम येशाया कारेलित्झ, ज्यांना सगळे ‘हझोन ईश’ म्हणत, त्यांनी नको म्हटलं. तेव्हापासून तिथल्या अनेक कर्मठ वस्त्यांत शुक्रवारी संध्याकाळी घरांची जोडणी वस्तीच्या जनरेटरवर जाते आणि शनिवारी रात्री परत येते. जनरेटर आठवड्यातून एक दिवस धर्म सांभाळतो, आणि सांभाळताना वस्तीत धूर, आवाज आणि उघड्या तारांचा धोका आणतो. म्हणूनच अलीकडे त्याऐवजी मोठ्या बॅटऱ्यांचा साठा वापरायची योजना पुढे आली. त्यांचा निष्कर्ष पटो न पटो, आपला दिवा कुणाच्या श्रमावर पेटतो हे दर आठवड्याला विचारणारी वस्ती म्हणून बनेई ब्राक आदर मागतं.

लेबनॉनमध्ये घराच्या लोडचा हिशेब परिस्थितीने लोकांच्या गळ्यात बांधला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी इंधनाअभावी देशातली दोन्ही प्रमुख वीजकेंद्रं बंद पडली. सरकारी विजेचा भरवसा तिथे त्याआधी कित्येक वर्षांपासून नव्हता. गल्लीगल्लीत खाजगी जनरेटरवाले असतात आणि घरं त्यांच्याकडून अँपिअरवर वीज घेतात. कुणी ५ अँपिअर, कुणी १०. पाच अँपिअर म्हणजे ११०० वॅटच्या आसपास. फ्रिज चालू असताना कुणी इस्त्री लावली की ब्रेकर पडतो. बैरुतमधल्या पोराला आपल्या घराचा लोड पाठ असतो. पण याला व्रत म्हणणं म्हणजे त्या लोकांची थट्टा होईल. मर्यादा दोन्हीकडे आहे. एकीकडे माणसाने ती ठरवली, दुसरीकडे ती त्याच्यावर लादली गेली, आणि नैतिक वजन सगळं या फरकात आहे. ज्याच्या घरी सेट घ्यायची ऐपतच नाही त्याला अपरिग्रह शिकवायला जाऊ नये. व्रत पाचशे नांगरवाल्यासाठी आहे.

गांधीजी १९३० मध्ये पुण्यातल्या येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत होते. ती पत्रं पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून प्रसिद्ध झाली. अस्तेयावर लिहिताना ते म्हणतात की जिची गरज नाही ती वस्तू परवानगीने घेतली तरी ती चोरीच. त्याच पुण्यात २००६ मध्ये या विचाराची विचित्र परीक्षा झाली. राज्यभर भारनियमन चालू होतं. पुण्यातल्या कारखान्यांनी मागणीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका करायचा, त्या महाग विजेचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी सोसायचा आणि बदल्यात शहराचं भारनियमन थांबायचं, अशी योजना अमलात आली. पुणेकरांनी कुणाची वीज पळवली नाही. पैसे मोजले, नवी वीज तयार झाली. तरीही शहर उजळलेलं आणि खेडी तासन्‌तास अंधारात, हे चित्र पाहून मन स्वच्छ राहत नाही. पैसे मोजून अंधारातून सुटता येतं हे एकदा शहरांना कळलं, की अंधाराबद्दल ओरडणारे सगळ्यात मोठे आवाज गप्प होतात. मोठा सेट घेऊन शांत झोपणाऱ्या बंगल्याचं गावातल्या फीडरशी असलेलं नातंही असंच तुटतं.

बरं, मोठा सेट म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत तरी खरी आहे का? डिझेल इंजिनाच्या बाबतीत नाही. क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी लोडवर ते सतत चालवलं तर पुरेसं तापत नाही. डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते, काळं तेल ठिबकायला लागतं, ताकद कमी होते. ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून घेतलेला १० केव्हीएचा सेट वर्षभर सहाशे वॅटवर चालला तर तो रिकामेपणानेच झिजतो. कमी घेतलं तर फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो, जास्त घेतलं तर इंजिन कुजतं. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्यालाही योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही असं सांगतो. डिझेल इंजिन ते शब्दशः पाळतं.

मग यादी करायची कुणी? हा खरा नाजूक प्रश्न, आणि ग्रंथ इथे फारशी मदत करत नाहीत. आनंदाने आपली यादी स्वतः बोलून दाखवली, शिवानंदा नंतर आली. आजच्या घरात सेट घ्यायला बहुधा कर्ता पुरुष जातो, आणि त्याच्या यादीत टीव्ही आणि एसी आधी येतात. मिक्सर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन खाली ढकललं जातं, कारण त्या यंत्रांची कामं त्याच्या हातची नसतात. मोटर नसली तर घागर कुणाच्या कमरेवर जाते, हे यादी करणाऱ्याला आठवलं पाहिजे. आजीच्या नेब्युलायझरला शंभर-दोनशे वॅट, ऑक्सिजन काँसंट्रेटरला तीनशे-साडेतीनशे. दहावीच्या पोराच्या दिव्याला नऊ. जी गरज सगळ्यात कमी वॅटची असते ती विचारणारा आवाजही बहुतेक वेळा घरातला सगळ्यात बारीक असतो. यादी चुलीजवळ बसून व्हावी, सगळ्यांच्या समक्ष, आणि एखादी ओळ शेजारच्या घराची असावी. आठ-नऊ वॅटचा एक दिवा आणि मोबाइलला एक पॉइंट कुंपणापलीकडे द्यायचा तर सेट मोठा करावा लागत नाही.

कृष्णाकाठी पूर येतो तो चातुर्मासात. मुनी एका गावी थांबतात, श्रावक चार महिन्यांपुरते नियम घेतात: कुणी रात्रीचं जेवण सोडतं, कुणी पालेभाजी, कुणी वाहन. समंतभद्रांच्या कालमापांत ऋतूचं माप आहेच. आषाढात, नदी अजून पात्रात असताना, घराने बसून ठरवावं की या पावसाळ्यात लाइट गेली तर भाड्याने आणलेला सेट सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चालेल, आधी मोटर, मग फ्रिज, गीझर आणि इस्त्री नाही, रात्री दहानंतर फक्त आजीचं मशीन, तेही इन्व्हर्टरवर. कागद मीटरच्या बोर्डाजवळ चिकटवावा. वायरमनला बोलावून चेंजओव्हर आणि अर्थिंग तपासून घ्यावं. कार्तिकात कागद काढून पाहावा, त्यातलं जे लागलंच नाही ते खोडावं आणि केव्हीएचा आकडा त्यानंतर दुकानदाराला सांगावा.